तारेचा झोका : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम आहे. पहारे लावलेले असतात आणि रात्री दोन वाजतासुद्धा वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहिल्या दिवशी ती वीणा लावण्याचे काम वर्षानुवर्षे आमच्या आजोबांकडे होते. गेल्या वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला, खुंटी धरवेना, म्हणून ते काम माझ्याकडे आले.

मला वीणा लावता येत नव्हती. मी मोबाईलवर स्वर दाखवणारे ॲप उघडले आणि एकेक तार छेडून काटा मध्यावर आणला. हिरवा दिवा लागला. मी खूष झालो. आजोबांनी डोळे मिटून ऐकले आणि पंचम हलतोय एवढेच सांगितले. मी त्यांच्यापुढे मोबाईल धरला. त्यांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. थरथरत्या हाताने त्यांनी तारेवरचा मणी किंचित सरकवला आणि वीणा पहिल्या पहारेकऱ्याच्या गळ्यात घातली. चार माणसांसमोर मला फार ओशाळल्यासारखे झाले. आजोबा दुसरीपर्यंत शिकलेले आणि माझ्या हातात तर यंत्र. मग चूक कोणाची?

या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या चरित्रापर्यंत येऊन पोचलो. गाण्यातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु जो प्रश्न आमच्या मारुतीच्या देवळात उभा राहिला, तोच शंभरेक वर्षांपूर्वी सांगली, मिरज आणि बडोदे येथे फार मोठ्या माणसांत उभा राहिला होता, हे वाचून मला धीर आला.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातल्या कैराना या गावी झाला. या गावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. (आपल्याकडच्या किराणा दुकानाशी त्याचा संबंध नाही, हे मी माझ्या अज्ञानाची कबुली म्हणून लिहीत आहे.) घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे आणि सारंगी होती. वडील काले खाँ हेच पहिले गुरू. लहानपणीच ते गाऊ लागले. बीन, सारंगी, जलतरंग हीही वाद्ये त्यांच्या हाताखालून गेली. तरुणपणी भावाबरोबर संस्थानोसंस्थानी हिंडत ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी राहिले. तेथे राजघराण्याच्या नात्यातल्या सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी लग्न करायचे ठरवले. अशा लग्नाला त्या काळी कोण मान्यता देणार? दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि अखेर मिरजेला घर केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट आहे. उत्तरेतला हा मुसलमान गवई त्यानंतर आयुष्यभर महाराष्ट्राचा होऊन राहिला.

मिरज त्यांनी का निवडली याविषयी तेथे असे सांगतात की, खाँसाहेब प्लेगने आजारी पडले असता त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गाणे केले आणि ते बरे झाले. गोष्ट खरी असो वा श्रद्धेची, पुढे दर वर्षी उरुसाला त्या दर्ग्यात ते गात राहिले, आणि त्यांच्या नावाने होणाऱ्या तिथल्या संगीतसभेत मोठमोठे कलावंत हजेरी लावत आले आहेत. मला दुसरेही एक कारण दिसते. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी संस्थानांच्या लढाया संपल्यावर वाद्ये करण्याचा धंदा धरला आणि पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून असे तंबोरे घडवले की देशभरचे गवई तेथे येऊ लागले. खाँसाहेबांना स्वतः वाद्ये दुरुस्त करण्याचा नाद होता. जवारी काढणे, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा माथा तासून तार बोलकी करणे, हे काम ते आपल्या हाताने करीत. ज्या माणसाला तंबोरा नीट लागल्याखेरीज तोंड उघडवत नाही, त्याने मिरजेत राहावे हे स्वाभाविकच होय.

आता थोडे विषयांतर करतो, कारण त्यावाचून पुढची हकीकत समजणार नाही.

अकरावीला मी विज्ञान शाखेत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, तेव्हा सायन्स घ्यायचे हे सगळ्या भावकीने ठरवले होते. पदार्थविज्ञानात सरल हरात्मक गती नावाचे प्रकरण होते. हरात्मक हा शब्द मराठी पुस्तकात पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हरिपाठाची आठवण झाली, हे सांगायला हरकत नाही. फळ्यावर समीकरणे भराभर पडत गेली, माझ्या वहीतही उतरली, आणि त्या विषयात मी गचकलो. मग कला शाखा घेतली. ते प्रकरण म्हणजे नागपंचमीचा झोका आहे, हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

आमच्या लिंबाला बांधतात तो झोका घ्या. दोर सुमारे ४ मीटर. हलकेच झुलवला तर एक फेरी, म्हणजे जाऊन परत येणे, सुमारे ४ सेकंदांत होते. जरा जास्त झुलवला तरी जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आपल्याला वाटते की जास्त लांब जायचे तर जास्त वेळ लागणार. पण मधल्या जागेपासून झोका जितका दूर न्यावा तितकी त्याला परत ओढणारी ताकदही वाढते. अंतर दुप्पट तर ओढही दुप्पट. म्हणून वेळ तोच. ज्या वस्तूची परतीची ओढ अशी अंतराच्या प्रमाणात वाढते, तिची गती सरल हरात्मक. एवढेच ते प्रकरण आहे. झोका फार उंच नेला की हे प्रमाण बिघडते; दोर उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला तर फेरीला सुमारे ७ टक्के वेळ जास्त लागतो. मी हे घड्याळ लावून आणि मावसभावाला झोक्यावर बसवून मोजायला गेलो, पण तो हसून हसून पाय हलवी, त्यामुळे तो प्रयोग फसला.

ताणलेली तार हाही झोकाच आहे. बोटाने बाजूला ओढली की ती परत येऊ पाहते, मधली जागा ओलांडून पलीकडे जाते आणि पुन्हा फिरते. फरक वेगाचा. काळी एक, काळी दोन असे काही न म्हणता आपण षड्जाला सेकंदाला २४० कंपने धरू. लिंबाचा झोका एकदा जाऊन येईपर्यंत ती तार ९६० वेळा जाऊन येते. झोक्याचा नियम तिलाही लागू आहे. हळू छेडा की जोरात, आवाज लहानमोठा होतो, पण कंपनांची संख्या तीच राहते, म्हणून स्वर तोच राहतो. नाहीतर प्रत्येक छेडीला षड्ज बदलला असता आणि जगात गाणे म्हणून काही उरलेच नसते. फाजील जोरात ओढली तर मात्र तारेचा ताणच वाढतो आणि स्वर क्षणभर चढतो. म्हणून तंबोरा छेडायचा असतो, ओढायचा नसतो.

स्वर बदलायचा तर लांबी किंवा ताण बदलला पाहिजे. लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट, म्हणजे वरचा षड्ज. ताणाचे गणित जरा वाकडे आहे. कंपने दुप्पट करायला ताण चौपट लागतो. शिवाय एकच तार एकाच वेळी अखंड हलते, दोन भागांतही हलते, तीन भागांतही. षड्जाच्या तारेत २४० बरोबर ४८० आणि ७२० ही कंपनेही असतात. तंबोऱ्याची जवारी आणि घोडीवर तारेखाली घातलेला सुताचा धागा यांमुळे हे वरचे स्वर फार ठसठशीत ऐकू येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या गोष्टीवर शोधनिबंध लिहिला. इतर तंतुवाद्यांत तार जेथे छेडावी तेथला एखादा वरचा स्वर गळून पडतो. आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत तो गळत नाही, हे त्यांनी दाखवले.

विषयांतर येथे संपले. आता सांगलीला जाऊ.

सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. जुन्या ग्रंथांतल्या बावीस श्रुती प्रत्यक्ष गाण्यात सापडतात काय, हे मोजून पाहण्याचा त्यांना ध्यास लागला होता. मोजायला दोन तारांचे यंत्र पुरे. एक तार षड्जाला लावून ठेवायची. दुसरीखाली सरकती घोडी ठेवून गायकाच्या स्वराशी ती एकजीव होईपर्यंत घोडी सरकवायची आणि पट्टीने लांबी मोजायची. समजा षड्जाला ९० सेंटिमीटर तार लागली, तर पंचमाला ६० लागते, म्हणजे षड्ज २४० असेल तर पंचम ३६०. गणित सोपे आहे. अवघड होता तो गायक मिळवणे. घोडी सरकवून जुळवेपर्यंत ज्याचा स्वर तसूभर ढळत नाही, असा गळा कोणाचा? देवलांना तो मिरजेत मिळाला. खाँसाहेब गायले, देवलांनी मोजले. १९१० साली देवलांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि एर्नेस्ट क्लेमेंट्स नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याने ते काम पुढे नेले.

हे दृश्य मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे. गवयाची विद्या म्हणजे घराण्याची तिजोरी. शिष्यांनासुद्धा अर्धीमुर्धीच द्यायची, असा तो काळ होता. बहुतेक उस्तादांनी पट्टी घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच वाटेला लावले असते. खाँसाहेबांनी आपला स्वर तारेशेजारी ठेवून मोजू दिला. आपला स्वर आकड्यात बरोबर ठरला नाही तर काय, ही भीती त्यांना वाटली नसेल काय? माझ्या मते या एका गोष्टीने ते आपल्या काळातल्या पुष्कळ पंडितांपेक्षा मोठे ठरतात.

या मोजणीतून पेटीचा दोष आकड्यांत मांडता आला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून गाणे सुरू करता येते. पण त्यामुळे षड्ज २४० असताना शुद्ध गंधार ३०० हवा तो ३०२.४ निघतो आणि पंचम ३६० हवा तो ३५९.६ निघतो. देवल आणि क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची निराळी पेटी लंडनहून करवून आणली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे ती मांडली गेली. पंडित भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या गायकांना ती पटली नाही. गाणारा रागारागात स्वर हलवतो, तो लाकडी पेटीत कसा कोंबणार, असा एकंदर आक्षेप होता. पुढच्या काळात अधिक बारीक यंत्रांनी मोजले तेव्हा असेही दिसले की, एकाच गायकाचा एकाच रागातला एकच स्वर दर वेळी अगदी त्याच आकड्यावर पडतो असे नाही. तेव्हा बावीस घरे कायमची ठरलेली आहेत हा देवलांचा आग्रह टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. षड्ज-पंचमाचे नाते मात्र कोणाला हलवता आले नाही, कारण ते तारेतच आहे.

देवलांच्या पुस्तकाच्या आगेमागेच खाँसाहेबांनी आधी बेळगावला आणि नंतर पुण्याला आर्य संगीत विद्यालय चालवले. गरीब विद्यार्थ्यांना ते घरी ठेवून घेत आणि जलसे करून मिळालेल्या पैशातून खर्च भागवीत. त्यांच्याकडे टिपू नावाचा कुत्रा होता. त्यालाही त्यांनी स्वरात सूर मिळवायला शिकवले आणि जाहीर जलशात बसवले. काही विद्वानांनी याबद्दल नाके मुरडली. मला तर वाटते, स्वर हा कोणाच्याही कानात उतरू शकतो एवढे तरी त्यातून दिसले. शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांचे नाव सर्वांत मोठे. पंडित भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल हे त्यांचेच शिष्य.

घरात मात्र सुख टिकले नाही. १९२२ साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी बापाचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावे सर्वांना माहीत आहेत. ती खाँसाहेबांची मुले हे मला वर्षभरापूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. स्वराच्या बाबतीत इतका जपणारा माणूस संसारात कोठे चुकला, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यात जी आर्तता ऐकू येते, तिचा याच्याशी संबंध अनेकांनी लावला आहे.

दक्षिणेत त्यांना मोठा मान मिळाला. म्हैसूर दरबारने संगीतरत्न ही पदवी दिली. त्यांनीही कर्नाटक संगीतातली सरगमची पद्धत उचलली. शेवटच्या काही वर्षांत ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू, मिनिटाला ७८ फेरे. आज त्या मोबाईलवर कोणालाही ऐकता येतात. झिंझोटीतली ठुमरी मी प्रथम ऐकली तेव्हा आवाज बारीक आणि नाकातला वाटला. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात आले की मी आवाज ऐकतच नाही, त्यामागचा तंबोरा आणि गळा एक कोठे होतात ते शोधतो आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. शिष्यांनी फलाटावर अंथरूण घातले. त्यांनी नमाज पढला, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी कानडा गात गात प्राण सोडला, असे त्यांच्या चरित्रात आहे. ती तारीख २७ ऑक्टोबर. देह मिरजेला आणला आणि दर्ग्याच्या आवारात दफन केला. कोठे कैराना, कोठे ते मद्रासकडचे स्टेशन, आणि माती मिळाली ती मिरजेची.

आता आमच्या वीणेचे सांगून थांबतो. ॲपने दाखवलेला पंचम हा पेटीचा पंचम होता. षड्जाच्या तारेत ७२० कंपने आहेत हे वर आलेच आहे. पंचमाची तार ३६० ला असेल तर तिच्यातही बरोबर ७२० येतात आणि दोन्ही एक होतात. पण ती ३५९.६ ला असेल तर ७१९.२ येतात. मग दोन आवाज कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि सव्वा सेकंदाला एक अशी लाट उठते. आजोबांना जे हलताना ऐकू आले ती ही लाट. तो फरक काढायला तारेचा ताण सुमारे साडेचारशे भागांत एका भागाने वाढवावा लागतो. मणी किंचित सरकवून त्यांनी तेवढाच वाढवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हे सगळे कागदावर मांडून दाखवले. त्यांनी आकडे पाहिले आणि बाजूला ठेवले. मग मी खाँसाहेबांची तबकडी मोबाईलवर लावली. ती संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारले की हा तंबोरा कोणी लावला आहे. बहुधा खाँसाहेबांनी स्वतःच, असे मी सांगितले. पुन्हा लाव म्हणाले.

या वर्षीच्या सप्ताहात मी मोबाईल घरी ठेवून गेलो. जोडाच्या तारा लावल्या, मग पंचम. लाट ऐकू येत होती. मणी सरकवला तशी ती लांबत गेली आणि एका जागी थांबली, असे मला वाटले. मी आजोबांकडे पाहिले. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांनी हाताने खूण केली, अजून थोडा.